रेघेलाही रोध असतो

संगणकावर मुद्रित परिपथाचा आराखडा आखताना आपण काढतो ती रेघ प्रत्यक्षात तांब्याची पट्टी असते. तिचा रोध किती? ३५ मायक्रॉन जाड, ०.२५ मिलिमीटर रुंद व १० सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो. १ अँपिअर धारेला तिच्यात ०.२ व्होल्ट खर्ची पडतात. परतीची पट्टीही तशीच असल्यास ५ पैकी ४.६ व्होल्टच उरतात. ७४ मालिकेतील साध्या टीटीएल चिपांना तर किमान ४.७५ व्होल्ट लागतात!

आज्ञावली आपण घालून दिलेले नियमच तपासते. कोणत्या रेघेतून किती धारा वाहणार, हे आपणच ठरवायचे. म्हणून आधी धारांचा हिशेब करू, मग रुंदी ठरवू. वीजपुरवठ्याच्या पट्ट्या २.५ मिलिमीटर रुंद केल्या, की रोध एकदशांश होतो. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करवून घ्यावे.