निळ्या केन्याच्या दोन जाती

कपाशीच्या धुऱ्यावर फुललेला निळा केना आपल्या यवतमाळकडे कुणाला सांगावा लागत नाही. पण नाल्याकाठचा केना नीट बघा, तो बहुधा वेगळा निघेल.

फुलाखालचं दुमडलेलं हिरवं पान बघायचं. धुऱ्यावरच्या 'कॉमेलिना बेंगालेन्सिस'मध्ये त्याच्या कडा मागे जुळून नरसाळं होतं. ओलीतल्या 'कॉमेलिना डिफ्युजा'त कडा देठापर्यंत सुट्या, टोक निमुळतं. पहिल्याची पानं रुंद, खोडाला बिलगलेल्या भागाच्या तोंडाशी तांबूस केस. दुसऱ्याची पानं अरुंद.

पटत नसेल तर उपटा. बेंगालेन्सिसच्या मुळाशी पांढरट फांद्यांवर जमिनीतच न उमलणारी फुलं लागतात आणि तिथंच बी धरतं. निंदणाऱ्या बायांचा या तणावर राग का, ते यावरून कळावं! वर तोडलेला तुकडाही ओलीत पुन्हा मूळ धरतो.

बघायला सकाळीच जा, दुपारपर्यंत फूल विरतं. दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहानशी. 'कॉमेलिना' हे नाव वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं या पाकळ्या बघूनच डच कॉमेलिन घराण्यावरून दिलं: दोघे नामवंत वनस्पतीशास्त्रज्ञ, तिसरा नाव कमावण्याआधीच गेला. लिनियस खवचटच म्हणायचा!

तुमच्या शिवारातला कोणता? फोटो टाकताना फुलाखालचं पान बाजूनं घ्या.