हृदय किती कापलं, यापेक्षा आत काय उरलं?

मागच्या भागानंतर एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. वडिलांना मोठा हार्ट अटॅक येऊन गेलाय. सर्जन म्हणतात, बायपास करतानाच हृदयाचा फुगलेला भागही दुरुस्त करू. ताई विचारतात, "हृदय लहान केलं की बाबा जास्त जगतील का?" मी डॉक्टर नाही, पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसलो.

आधी बिघाड समजून घेऊ. अटॅकमध्ये डाव्या जवनिकेच्या भिंतीचा तुकडा मरतो आणि तिथे पातळ व्रण उरतो. तो आकुंचन पावत नाही, कधी कधी उलट बाहेरच फुगतो. मुळात लांबट, खाली निमुळता असलेला हा कप्पा मग चेंडूसारखा गोल होत जातो. कप्पा जितका मोठा आणि भिंत जितकी पातळ, तितका भिंतीवर ताण जास्त. म्हणजे जिवंत स्नायूही दमतो.

१९५८ मध्ये डेंटन कूली यांनी फुगवटा कापून कडा सरळ रेषेत शिवल्या. सुटसुटीत काम! पण दोन जवनिकांमधल्या पडद्यावरचा व्रण तसाच राहायचा आणि आकारही बिघडायचा. १९८० च्या दशकात मोनॅकोच्या व्हिन्सेंट डोर यांनी आतून काम केलं. व्रण आणि जिवंत स्नायू यांच्या सीमेवर गोल टाका घालायचा, बटव्याची नाडी ओढावी तसा आवळायचा आणि उरलेल्या तोंडावर ठिगळ लावायचं. पडद्यावरचा व्रणही कप्प्याबाहेर जातो.

पण जास्त आवळलं तर? कप्प्यात रक्त मावत नाही आणि दाब मागे फुप्फुसांकडे चढतो. म्हणून बरेच सर्जन ठरावीक मापाचा फुगा आत ठेवून त्यावर शिवतात.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. २००९ मध्ये 'स्टिच' या चाचणीचे निकाल आले. एकूण १,००० रुग्ण होते. निम्म्यांना फक्त बायपास, निम्म्यांना बायपास आणि पुनर्रचना. आकुंचनानंतर कप्प्यात उरणारं रक्त पहिल्या गटात ६ टक्के कमी झालं, दुसऱ्यात १९ टक्के. पण मृत्यू किंवा हृदयासाठी पुन्हा ॲडमिट होणं? ५९ आणि ५८ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

पुनर्रचनेच्या बाजूचे सर्जन म्हणाले, १९ टक्के म्हणजे काम अर्धवटच झालं. पुढे त्याच आकडेवारीत दिसलं, की ऑपरेशननंतर हे प्रमाण शरीराच्या दर चौरस मीटरमागे ७० मिलिलिटर किंवा कमी राहिलं, त्यांना पुनर्रचनेचा फायदा झाला. मात्र हे मागाहून केलेलं विश्लेषण आहे. त्याला पुरावा म्हणता येत नाही, इशारा म्हणता येईल.

तेव्हा ताई, सरसकट "हो" असं उत्तर नाही. सर्जनना हे विचारा: एमआरआयमध्ये व्रण कुठवर आहे? बाकीचा स्नायू जिवंत आहे का? झडप गळतेय का? कप्पा कोणत्या मापाचा ठेवणार? आणि अशी ऑपरेशनं तुमच्या टीमने किती केली आहेत? हे विचारायला संकोच करू नका. वडील तुमचे आहेत.