मैफलीतला चेहरा ग्वाशमध्ये टिपताना

ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहात समोर गाणाऱ्या कलावंताचे चित्र काढायचे, तर तान घेताना चेहरा क्षणभरही स्थिर राहत नाही. अशा वेळी ग्वाश, म्हणजे डिंकात कालवलेला अपारदर्शक जलरंग, उपयोगी पडतो. गडद छटा चुकली तरी वाळल्यावर तिच्यावर फिकी छटा चढवता येते. डोळे किलकिले करून आधी छाया-प्रकाशाचे मोठे भाग भरावेत, नाक-डोळे नंतर. मात्र हा रंग वाळताना फसवतो: फिका थोडा गडद होतो, गडद थोडा उजळतो. म्हणून गालाची छटा आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहावी. आपल्या गोव्यातील मैफलीत दमट हवेमुळे त्याला अधिक वेळ लागतो. तोवर तंबोरा रंगवावा. वाळलेला थरही पाण्याने पुन्हा सुटतो, तेव्हा वरचा फटकारा एकदाच, न घासता मारावा.