पक्के बिल मागा, तक्रार घरच्या जिल्ह्यात करा

सिरोंचा किंवा भामरागडहून नागपूरला जाऊन फ्रिज, शिलाई मशीन किंवा लग्नाचे सामान आणणाऱ्या कुटुंबाविषयी दुकानदाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वस्तू बिघडली तरी हे गिऱ्हाईक सहसा परत यायचे नाही. येण्याजाण्याचे भाडे, दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि वर "उद्या या, मालक नाहीत" हे ऐकणे, एवढा हिशेब केला की माणूस गप्प बसतो. सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे, नागपूर त्याच्याही पुढे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती, कोरपना, गोंडपिपरीकडच्या गावांची स्थितीही फार वेगळी नाही. फसवणूक सगळीकडे होते, पण आपल्याकडे तिला अंतराची साथ मिळते.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात या अंतरावर उपाय नव्हता. दुकान जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथेच साधारणपणे तक्रार करावी लागे. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला आणि हे बदलले. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचे काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार देता येते. म्हणजे वस्तू नागपूरची असो, हैदराबादची असो की मोबाईलवरून मागवलेली, अहेरीच्या ग्राहकाची तक्रार गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात चालते आणि राजुऱ्याच्या ग्राहकाची चंद्रपूरच्या. दुकानदाराला इकडे यावे लागते. आमच्या मते या दोन जिल्ह्यांसाठी नव्या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच फार थोड्या घरांना माहीत आहे.

मग ग्राहक कोण? पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा, आणि त्याच्या संमतीने ती वापरणाराही. अब्बांनी घेतलेल्या फ्रिजची तक्रार घरात तो वापरणारी सूनही करू शकते. पुन्हा विकण्यासाठी किंवा मोठ्या धंद्यासाठी घेतलेला माल यात येत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले साधन मात्र येते. घरी ब्लाऊज शिवणाऱ्या भगिनीचे शिलाई मशीन, बल्लारपुरात चिकनचे छोटे दुकान चालवणाऱ्याचा डीप फ्रीजर, एकट्याने चालवायची ई-रिक्षा, ही सगळी उदाहरणे कायद्याच्या आत बसतात. "तुम्ही तर धंद्यासाठी घेतले" असे दुकानदाराने म्हटले म्हणून माघार घेऊ नये.

सेवा म्हटले की बँक, विमा, वीज, कुरिअर, खाजगी दवाखाना हे आलेच. पैसे घेऊन उमराहला नेणारी खाजगी टूर कंपनीही त्यातच येते. हरमजवळचे हॉटेल सांगून दूरच्या खोलीत उतरवले, ठरलेल्या तारखा बदलल्या, पैसे घेऊन नेलेच नाही, तर "अल्लाहच्या घरी जायचे होते, जाऊ द्या" म्हणून लोक सोडून देतात. इबादत आपली आहे, पण पैसे घेऊन कबूल केलेली सेवा हा व्यवहार आहे आणि त्याचा हिशेब मागण्यात काहीच गैर नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. हा कायदा विकत घेणाऱ्याचा आहे. तेंदूपत्ता, मोहफूल किंवा धान विकणाऱ्याचे पैसे व्यापाऱ्याने अडकवले तर ती ग्राहकाची तक्रार होत नाही, तिचे मार्ग वेगळे आहेत. काट्यात खोट असेल तर मात्र घेणारा असो वा विकणारा, वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणाऱ्याचीही तक्रार तिथेच करायची. आतल्या गावांत "गाडीभाडे पडते" किंवा "थंड करून देतो" म्हणून दोन-पाच रुपये जास्त घेण्याची सवयच पडून गेली आहे. पाकिटावरची कमाल किंमत सर्व करांसह असते आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही.

आता बिलाकडे येऊ, कारण बहुतेक तक्रारी इथेच पडतात. "पक्के बिल हवे तर जीएसटी लागेल, कच्चे घ्या, स्वस्तात पडेल" हे वाक्य गोल बाजारापासून वडशापर्यंत सगळ्यांनी ऐकले आहे. कच्ची चिठ्ठी म्हणजे बहुधा दुकानाच्या नावाशिवायचा कागद. उद्या दुकानदार "हा माल आमचा नाहीच" म्हणाला की संपले. पावती न देणे हीच २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. बिलाच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले म्हणून सदोष वस्तूची जबाबदारी टळत नाही. रंग आवडला नाही, विचार बदलला, ही गोष्ट वेगळी. ते दुकानदाराच्या मर्जीवर आहे.

बिल मागायला आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती म्हणजे संकोच. दुकानदार ओळखीचा, मोहल्ल्यातला, कधी नात्यातला असतो. "भाईजान, आमच्यावर भरोसा नाही का?" असे त्याने म्हटले की हात मागे येतो. पण सूरह बकराची २८२ वी आयत आठवून पाहावी. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार घेण्याबद्दल आहे, आणि तिचा रोख ईमान ठेवणाऱ्यांकडेच आहे. लिहिण्याचा अर्थ अविश्वास असा नाही, उलट उद्याचा संशय त्याने टळतो. आपल्यातले बरेच जण गल्ल्याच्या पलीकडेही बसतात. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्याला पैगंबरांनी (सल्ल.) बाजारात कसे हटकले, ती हदीस त्यांना पाठ असते. मग न मागता पक्के बिल देणे त्यांना जड जाऊ नये.

लग्नाच्या सोन्याबद्दल एवढेच सांगू की हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो "बीआयएस केअर" या अॅपमध्ये दुकानातच टाकून पाहावा आणि बिलात वजन, कॅरेट, घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी.

या भागात ज्या खरेदीवर घराचे वर्ष अवलंबून असते ती म्हणजे बियाण्याची. गडचिरोलीत आणि ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाहीकडे धान, तर वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे कापूस आणि सोयाबीन. पेरले आणि उगवलेच नाही, किंवा झाड वाढले पण भलत्याच वाणाचे निघाले, की शेतकरी नशिबाला दोष देतो. कृषी केंद्रवाला पावसाला देतो आणि कंपनी शेतकऱ्याच्या पेरणीला. कंपन्या वर्षानुवर्षे दोन बचाव मांडत आल्या होत्या. बियाणे कायदा स्वतंत्र आहे, म्हणून हे प्रकरण ग्राहक मंचात चालत नाही, हा पहिला. आणि शेतकऱ्याने प्रयोगशाळेत तपासायला बियाण्याचा नमुना दिला नाही, हा दुसरा. तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांची अशी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात न्यायालयाने दोन्ही बचाव फेटाळले. शेतकरी हा ग्राहक आहे आणि ग्राहक कायद्याचा मार्ग त्याला खुला आहे, असे ठरले. पेरणीसाठी घेतलेले बियाणे शेतकरी पेरणारच, उद्या फसवणूक निघेल म्हणून त्यातले काही बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. आपल्या शेतकऱ्यांनी हा निकाल नावानिशी लक्षात ठेवावा असा आहे.

पण निकाल कागदाशिवाय कामाला येत नाही. बिलावर वाणाचे नाव आणि लॉट नंबर असला पाहिजे. रिकामी पिशवी आणि तिच्यावरचे लेबल पीक हाती येईपर्यंत जपावे. घरात त्याची पोतडी होऊन जाते, ती होऊ देऊ नये. उगवण नीट दिसली नाही की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते आणि पंचनामा करते. दुकानदाराला आणि कंपनीच्या प्रतिनिधीला पाहणीची सूचना दिल्याची नोंद त्यात झाली आहे ना, हे बघावे, कारण पुढे आयोगात "आम्हाला बोलावलेच नाही" हा बचाव हमखास येतो. पीक शेतात उभे असेपर्यंतच हे सगळे होऊ शकते. दुबार पेरणीसाठी नांगर फिरला की पुरावाही त्याच्याखाली जातो, म्हणून निदान अर्ज आणि फोटो त्याआधी व्हावेत.

तेलंगणाच्या सीमेवरून येणाऱ्या "चोर बीटी" कापसाबद्दल वेगळे सांगायला हवे. तणनाशक सहन करणारे हे एचटीबीटी बियाणे देशात विक्रीला मंजूर नाही. ते रात्री, ओळखीतून, बिलाशिवाय येते. निंदणीची मजुरी वाचते म्हणून शेतकरी घेतो, आणि त्यामागची अडचण आम्हाला समजते. पण पाकिटात काय आहे याची हमी देणारे त्यावर कुणीच नसते. ते बुडाले तर विकणाऱ्याचे नावही सिद्ध करता येत नाही.

आता प्रत्यक्ष तक्रार. आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवावे : काय घेतले, कधी, किती पैसे दिले, काय बिघडले, काय हवे आणि किती दिवसांत. पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे आणि पावती जपावी. ऑनलाइन खरेदी असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे नोंदवावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. ती कंपनीशी संपर्क साधून पाहते आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. पण ती न्यायालय नाही. हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे आणि पत्रे लिहीत राहिल्याने ती वाढत नाही.

आयोगातली तक्रार मराठीत लिहिता येते, आणि चंद्रपूर व गडचिरोलीच्या आयोगांचे निकालही मराठीत येतात. घटना तारखेवार, साध्या भाषेत लिहाव्यात. शेवटी मागणी स्पष्ट करावी : पैसे परत की वस्तू बदलून, त्रासाची भरपाई किती, खर्च किती. सोबत शपथपत्र आणि बिल, वॉरंटी कार्ड, नोटीस, संदेश, फोटो यांच्या प्रती. मूळ कागद आपल्याकडेच ठेवावेत. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही, म्हणजे घरगुती वस्तूंच्या जवळपास सर्व तक्रारी विनाशुल्क. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडेच जातात. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः बाजू मांडता येते. लावायचा असेल आणि ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. भगिनींनी तर जावेच, कारण महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते.

आणि ते दोनशे किलोमीटर? तक्रार "ई-जागृती" या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते. मोबाईलवर जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला बसवावे. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज करण्याची सोय कायद्यातच आहे. भामरागड, एटापल्लीत नेटवर्क कधी असते कधी नसते, हे आम्ही सांगायला नको. पण निदान तारखेगणिक एसटीत बसायची सक्ती आता राहिलेली नाही.

वेळ मात्र लागतो. तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासायची असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. आयोगांवरच्या रिकाम्या पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली होती. म्हणून दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी आयोगात जाण्यापेक्षा हेल्पलाइन बरी, आणि बियाणे, विमा, वाहन, उमराहचे पैसे यांसाठी आयोगच.

निकाल बाजूने लागला की विरुद्ध पक्षाला राज्य आयोगाकडे अपिलासाठी पंचेचाळीस दिवस असतात. विदर्भाची अपिले नागपूरच्या परिक्रमा खंडपीठात चालतात, आणि अपील करण्याआधी त्याला आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्यायचा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. अनेक दुकानदार या अर्जाची नोटीस हाती पडल्यावरच चेक लिहितात, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ती बिलाच्याच फाईलमध्ये लावून ठेवावी.