इंजिन कां ठोकतें?

फटफटी व पेट्रोलवरील फवारणीचा पंप हीं आतां आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचीं झालीं आहेत. चढावर ओझें ओढतांना इंजिनांतून कधीं कधीं हातोडी मारल्यासारखा नाद येतो. तो कशाचा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्या दाबतो; मग प्लगची ठिणगी पडून ज्वाला क्रमाक्रमानें पसरते. पसरतां पसरतां ती पुढील न जळलेल्या मिश्रणास अधिक दाबते व तापविते. ज्वाला पोंचण्यापूर्वींच तें आपोआप पेटलें, तर दाब एकदम उसळून त्याच्या लाटा भिंतींवर आपटतात. हाच तो ठोका. तो चालू राहूं दिल्यास दट्ट्यास भोंकहि पडतें.

आपोआप पेटण्याचें कारण असें कीं, उष्णतेनें प्राणवायु तेलाच्या रेणूंना चिकटून अस्थिर संयुगें बनतात. तीं फुटतांच अनेक चपळ कण सुटतात व ते दुसऱ्या रेणूंवर तुटून पडतात. कर्बाची सांखळी सरळ व लांब असल्यास हें लवकर घडतें. तिला फांद्या असल्यास उशिरां. म्हणून सरळ सांखळीच्या हेप्टेनास 0 व फांद्यांच्या आयसोऑक्टेनास 100 अंक दिला आहे. अंक जितका मोठा, तितकी ठोक्याची भीति कमी. डिझेल ट्रॅक्टराची रीत उलट. तेथें तेल आपोआप पेटावें हेंच इष्ट असतें.

1921 सालीं अमेरिकेंत मिजली यांनीं शिशाचें संयुग मिसळून ठोका आवरला. परंतु शिसें विषारी. भारतांत 2000 सालीं मोटारींचें तसलें पेट्रोल बंद झालें. आतां 20 टक्के मद्यार्काचें पेट्रोल मिळतें. मद्यार्काचा अंक 100 हून अधिक आहे, आणि वाफ होतांना तो मिश्रणास थंडहि करितो. तो उसाच्या रसापासून व मळीपासून निघतो. तेव्हां वसमतेकडील ऊसवाल्यांस हा विषय परका नव्हे.

मात्र मद्यार्क पाण्यास ओढतो. कॅनमध्यें पुरेसें पाणी शिरल्यास मद्यार्क त्याच्यासह तळाशीं जातो, वरच्या पेट्रोलचा अंक उतरतो व ठोका पुनः सुरू होतो. रॉकेल मिसळल्यानेंहि तेंच होतें. यास्तव कॅनचें झांकण घट्ट असावें, पावसाळ्यांत तो छपराखालीं ठेवावा, व हंगाम सरतांच पंपाची टांकी रिकामी करावी. चढावर ठोका ऐकूं येतांच गिअर उतरवावा. ओढून नेण्यांत वेळ वांचत नाहीं, इंजिन मात्र जातें.