कोंबडीचं डावं, वाघळाचं उजवं

विदर्भात सावजी रश्शासाठी गावरान कोंबडी साफ करताना पोटातला पिवळ्या बलकांचा घोस सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण तो घोस कायम डाव्या बाजूलाच का असतो, हे विचारणारं घर मला तरी भेटलं नाही. कोंबडीचं उजवं अंडाशय आणि उजवी अंडनलिका अंड्यातच खुंटते. सावनेरला विद्यार्थ्यांना प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि पृष्ठवंशीयांच्या तुलनात्मक शरीररचनेतलं हे डावं-उजवं प्रकरण मला कधी सुटलं नाही.

पाठ्यपुस्तकातलं आधी उरकून टाकतो. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, बेडकाचं तीन, सरड्याचं साडेतीन म्हणावं असं, मगर, पक्षी आणि सस्तन यांचं चार. माशाला कल्ले, बेडकाला फुप्फुसं आणि त्वचा, पक्ष्याला हवेच्या पिशव्या, सस्तनाला पडदा म्हणजे मध्यपटल. मेंदू माशापासून माणसापर्यंत त्याच तीन भागांचा, फक्त कुठला भाग फुगतो ते वेगळं. हे परीक्षेत दहा मार्कांना येतं आणि कॉलेज सुटलं की विसरलं जातं.

खरी गंमत या तक्त्यांच्या आत आहे. बाहेरून पाहिलं तर प्रत्येक पृष्ठवंशीय मधोमध दुमडता येईल इतका सारखा. आत मात्र भेदभावच भेदभाव. हृदयातून निघणारी महाधमनी पक्ष्यांत उजवीकडे वळते, आपल्यात डावीकडे. सरपटणाऱ्यांत दोन्ही कमानी शाबूत. बहुतेक सापांचं उजवं फुप्फुस लांबलचक, डावं नावापुरतं. कोठीघुबडाचे कान एक वर, एक खाली, म्हणून तर अंधारात उंदराची जागा त्याला नेमकी कळते.

पक्ष्यांना उडताना वजन नको, म्हणून एक अंडाशय गेलं, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. मला ते पुरतं पटत नाही. अनेक शिकारी पक्ष्यांत दोन्ही अंडाशयं असतात आणि त्यांच्यासारखं उडतं कोण? उलट पाण्यात राहणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसचं फक्त डावंच अंडाशय काम करतं. आणि उडणाऱ्या सस्तनाचं काय? म्हणजे आपल्या वाघळाचं. तिथे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं.

सावनेरला पाहुणे येतात ते बहुधा नाटककार राम गणेश गडकऱ्यांसाठी. २३ जानेवारी १९१९ ला ते इथेच वारले. नमस्कार करून झाला की मी पाहुण्यांना नदीकाठच्या मोठ्या झाडांकडे नेतो. काही जण नाक मुरडतात, कारण वास येतो. दिवसाढवळ्या फांद्यांना लटकलेली ही फळं खाणारी वाघळं, पंख पसरले तर चार फुटांपर्यंत भरतात. पंख म्हणजे हातच. आपल्याला आहे तेच दंडाचं हाड, तशीच पाच बोटं. चार बोटं ताणून त्यांच्यामधे कातडं. कबुतराने मात्र बोटं तीनवर आणून एकमेकांत जोडून टाकली. उडायचं एकच काम, दोन वेगळ्या सुतारांनी केलेलं. शी-शू करताना वाघूळ अंगठ्याच्या नख्यांवर सुलट लटकतं, हे पाहिलं की तोंड मुरडणारा पाहुणाही हसतो.

त्या पंखाच्या कातड्यातल्या शिरा स्वतः धडधडतात. एरवी सस्तनांच्या शिरा रक्त मुकाट्याने वाहून नेतात. वाघळाच्या पंखातल्या शिरा मिनिटाला दहाएक वेळा आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात, हे लंडनच्या थॉमस व्हार्टन जोन्सने १८५२ मध्ये दाखवलं. झडपा होत्याच, पण शिरेने स्वतःच पंप व्हावं, हे त्या काळी नवलच होतं.

आता माझा आवडता कोपरा. सावनेरहून नागपूर तासाभराचं. तिथे १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झालेली संस्था आज इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखली जाते. तिथल्या प्राणिशास्त्र विभागाचे एम. ए. मोघे यांनी याच फळखाऊ वाघळाच्या गर्भाची वाढ आणि वार, म्हणजे अपरा, यांवर लिहिलेला निबंध १९५१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापला. त्यांच्यानंतर ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक जातींच्या माद्यांचे गर्भाशय, अंडाशय आणि वार यांचे पातळ छेद काचेवर लावून पाहिले. जगात वटवाघळांच्या प्रजननावर काहीही लिहायचं तर नागपूरचे हे निबंध उलटावेच लागतात.

वाघळाच्या मादीचा गर्भाशय दोन शिंगांचा, बैलाच्या शिंगांसारखा. पण बऱ्याच जातींत गर्भ एकाच शिंगात धरतो, अनेकदा उजव्या. रुसेटस लेशनॉल्टी ही फळखाऊ जात वर्षातून दोनदा विते, एकदा मार्चच्या सुमारास, एकदा पावसाळ्यात. एका खेपेला गर्भ एका शिंगात, पुढच्या खेपेला दुसऱ्या, आळीपाळीने. काही जातींत नराचे शुक्रजंतू मादीच्या अंगात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, आणि अंडं सुटायची वेळ आली की मग कामाला येतात. गोपालकृष्ण आणि माधवन यांनी १९७१ मध्ये हे पिपिस्ट्रेलस या चिमुकल्या वटवाघळात दाखवलं. बलकपिशवीही इथे सुकून जात नाही; बऱ्याच जातींत ती घड्या पडून ग्रंथीसारखी होते. पक्ष्यांत अन्नाचं कोठार असलेला हाच भाग.

अवयव पाहून नातं ओळखता येतं का? महाबळेश्वरच्या गुहेत राहणारं लांब बोटांचं मिनिऑप्टेरस हे वटवाघूळ सगळे जण वेस्पर्टिलिओनिडी या मोठ्या कुलात घालत. अंडं सुटतं डाव्या अंडाशयातून आणि गर्भ रुजतो उजव्या शिंगात, अशी याची तऱ्हा. १९७७ मध्ये दातांवरून त्याला वेगळं कुल द्यावं असं सुचवलं गेलं. १९८३ मध्ये गोपालकृष्ण आणि चारी यांनी गर्भावरणांच्या वाढीवरून तेच सांगितलं. काचेवरच्या छेदांचा हा दावा फार लोकांनी मनावर घेतला नाही. २००७ मध्ये डीएनएच्या अभ्यासाने वेगळ्या कुलाच्या बाजूने निकाल दिला आणि आता मिनिऑप्टेरिडी हे कुल जगभर स्वतंत्र मानतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन पूर्ण बंद केलं. बेडकांसाठी ते बरंच झालं. पण मिनिऑप्टेरसची ही गोष्ट सांगायला कुठलाही प्राणी कापावा लागत नाही. जुने छेद आणि एक सूक्ष्मदर्शक पुरेसे आहेत.