बैलाचा खांदा वाळतो तेव्हा



औंढा नागनाथच्या दगडाळ रानात वखराची पास दगडाला अडकली, की जू आणि शिवळ बैलाच्या खांद्यावर एकदम आदळते. बैल जरा लंगडतो, दोन-चार दिवसांत चालायलाही लागतो. पण पंधरा दिवसांनी पाहावे तो फऱ्यावरचे मांस बसलेले, मधले हाड वर आलेले आणि पाऊल टाकताना खांदा बाहेर फेकला जातो. ही खांदेसूज नव्हे. खांदेसुजीत कातडी गरम व जाड होते. इथे मांसच आटते.

फऱ्याच्या हाडाच्या पुढच्या कडेवरून एक मज्जातंतू वळून जातो. तो हाडावर चेंगरला, की मांसाला हालचालीचा निरोप पोचत नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या. मांसाला जखम झाली, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांतल्या भक्षक पेशी मेलेला भाग खाऊन साफ करतात, पुढे नव्या मांसाला हातभार लावतात आणि चिवट धागे विणणाऱ्या पेशी फार वाढल्या तर त्यांना आवरही घालतात. मज्जातंतू तुटला तर ही फौज जमते ती मुख्यतः तुटलेल्या तंतूत. तिथला कचरा उचलून ती नव्या तंतूला वाट करून देते. मांस फाटलेले नसते, म्हणून तिथे ती थोडीच येते. मग धागे विणणाऱ्यांना आवर कोण घालणार? उंदरांवरच्या २०१८ सालच्या एका अभ्यासात तर असे दिसले, की याच पेशी मांस झिजवणारा रासायनिक संदेश सोडत राहतात. दिवस लांबले, की मांसाच्या जागी चिवट तंतू व चरबी भरते.

म्हणून डागणी किंवा बिब्बा नको. त्याने कातडी जळते, तंतू काही जुळत नाही. आपली हळदही वरच्या जखमेपुरतीच. पहिले दोन दिवस गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, नंतर कोमट शेक द्या, आणि जनावरांच्या दवाखान्यात लवकर दाखवा. तंतू नुसता दबला असेल तर काही आठवड्यांत सुधारतो. तुटला असेल तर दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला ३ सेंटिमीटर. तोवर बैल औताला जुंपू नका. मऊ जमिनीवर हळू फिरवा, फरा हाताने चोळा.

फऱ्यावर सूज, अंगात ताप आणि दाबल्यावर करकर आवाज असेल, तर तो फऱ्या रोग समजा व त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

जोडी जुंपताना दोन्ही बैल सारख्या उंचीचे घ्या, आणि शिवळ फऱ्याला घासते का ते हात घालून पाहा.